चाकांचे खेळ व संरक्षक साधनांची निवड

धावता धावता पडणारे मूल आणि चाकांवरून पडणारे मूल यांच्या पडण्यात मोठा भेद आहे. धावणाऱ्याचा एक पाय अडखळला तरी दुसरा जमिनीस टेकतो, शरीर सावरू पाहते, आणि सावरता आले नाहीच तरी पडण्याचा जोर पुष्कळसा उणा झालेला असतो. पायांस चाके बांधली की हा दुसरा पाय उपयोगाचा राहत नाही, कारण तोही चाकांवरच असतो. तोल गेला की जमिनीस टेकविण्याजोगे हातांवाचून काही उरत नाही, आणि हात विचार होण्यापूर्वीच पुढे जातात. स्केटिंगच्या संरक्षक साधनांचा सारा विचार येथून सुरू करावा लागतो. दुकानातून कोणता संच आणावा, हा त्यानंतरचा प्रश्न.

हा खेळ शहरी मुलांचा, अशी एक समजूत आहे. आता ती खरी राहिलेली नाही. शालेय क्रीडा स्पर्धांत रोलर स्केटिंगचा समावेश आहे आणि गावोगावी सिमेंटचे रस्ते झाल्याने चाके फिरण्याजोगी जमीनही उपलब्ध झाली आहे. मध्य प्रदेशात पन्ना जिल्ह्यातील जनवार या लहानशा गावी २०१५ साली उल्रिके राइनहार्ड या जर्मन बाईंच्या पुढाकाराने स्केटबोर्डिंगसाठी सिमेंटचे क्रीडांगण उभे राहिले. जो शाळेत जाणार नाही त्याला फळी मिळणार नाही, आणि मुलींना पहिला मान, असे दोन नियम तेथे घालून देण्यात आले. त्या गावची आशा गोंड ही मुलगी २०१८ मध्ये चीनमधील नानजिंग येथील जागतिक स्पर्धेत भारताकडून उतरली. तेव्हा एखाद्या वाडीवरच्या शाळेतील मुलांनी स्केट्स मागितल्या तर त्यात नवल मानण्याचे कारण नाही. मात्र मागणी पुरी करण्यापूर्वी शिक्षकाने काही गोष्टी समजून घेतल्या पाहिजेत.

वळण घेता येईल अशी चार चाकांची स्केट अमेरिकेत जेम्स प्लिम्प्टन याने १८६३ साली तयार केली. त्यानंतर शंभर वर्षांहून अधिक काळ चाके लाकडाची, धातूची अगर मातीच्या कठीण मिश्रणाची असत, आणि लहानसा खडा मध्ये आला तरी अडत. १९७० नंतरच्या दशकात पॉलियुरेथेनची चाके आली. ती जमिनीस धरून, आवाज न करता, फार वेगाने धावतात. वेग वाढला तसे पडणेही अधिक जोराचे झाले, आणि गुडघ्यावर प्लॅस्टिकची कठीण वाटी बसविलेले पॅड त्याच सुमारास प्रचारात आले.

या कठीण वाटीचे काम काय, हे पुष्कळांस ठाऊक नसते. ती आघात सोसण्यासाठी आहे असे वाटते, पण आघात सोसण्याचे मुख्य काम आतील फोम करतो. वाटीचे काम घसरण्याचे आहे. चाकांवरून पडणाऱ्या मुलास दोन गती असतात, एक खाली येण्याची व दुसरी पुढे जाण्याची. गुडघा जमिनीस टेकला आणि तेथेच चिकटून राहिला, तर पुढे जाण्याची गती नाहीशी होत नाही. ती वरच्या शरीरास पुढे फेकते, आणि मग हनुवटी अगर कपाळ जमिनीवर आपटते. वाटी घसरली तर तीच गती हातभर अंतरात हळूहळू जिरते.

हे वर्गास दाखविणे सोपे आहे. शाळेच्या सिमेंटच्या ओट्यावर एक वीट रबरी चपलेवर ठेवून चपलेस दोरी बांधून ओढावी. नंतर तीच वीट प्लॅस्टिकच्या गुळगुळीत ताटलीवर ठेवून ओढावी. पहिल्या वेळी चप्पल अडते आणि वीट कलंडते, दुसऱ्या वेळी ताटली सरकत जाते. घर्षणाचा धडा आणि पॅडची परीक्षा अशी दोन्ही कामे एका विटेने होतात. यावरून हेही उघड होते की जुन्या ट्यूबच्या रबराचे तुकडे गुडघ्यास बांधणे हा उपाय नव्हे, अपाय आहे. नारळाच्या करवंटीचा मोहही टाळावा. ती घसरते खरी, पण फुटली की तिच्या धारदार कडा मांसात शिरतात.

फोमची गोष्ट निराळी. सव्वा मीटर उंचीवरून सुटलेली वस्तू जमिनीवर येते तेव्हा तिचा वेग ताशी १७ ते १८ किलोमीटर असतो. म्हणजे जागच्या जागी उभे असलेले मूल मागे कोसळले तरी त्याचे डोके जवळजवळ सायकलच्या वेगाने जमिनीवर येते. हा वेग किती अंतरात थांबतो यावर इजा अवलंबून आहे. पाच मिलिमीटर जाडीच्या फोमऐवजी वीस मिलिमीटरचा असला तर थांबण्यास चौपट जागा मिळते आणि ढोबळमानाने आघात चौथाईवर येतो. मात्र फोम तळापर्यंत दबून जाणारा नसावा. अंगठ्याने दाबला असता आतील पृष्ठभाग सहज लागला, तर तो फोम उशीच्या लायकीचा, पॅडच्या नव्हे. दाबून सोडल्यावर सावकाश का होईना, पण पुरता वर आला पाहिजे.

आता मनगटाकडे वळू. पालक आणि शिक्षक दोघेही गुडघ्याचे पॅड आधी मागतात, कारण सोललेला गुडघा डोळ्यांस दिसतो, त्यातून रक्त येते आणि मूल रडते. मनगटाच्या हाडास गेलेला तडा दिसत नाही. अमेरिकेत एका ओळीत चाके असलेल्या स्केट्सवरून पडून रुग्णालयांत आलेल्या १६१ व्यक्तींची पाहणी करण्यात आली आणि ती १९९६ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाली. दुखापतींत मनगटाच्या दुखापती सर्वांत अधिक, सुमारे एक तृतीयांश होत्या. मनगटाचे गार्ड न वापरणाऱ्यांस मनगटाच्या दुखापतीचा संभव गार्ड वापरणाऱ्यांच्या मानाने सुमारे दहापट, आणि कोपराचे पॅड न वापरणाऱ्यांस कोपराच्या दुखापतीचा संभव सुमारे साडेनऊपट असल्याचे दिसून आले. गुडघ्याच्या बाबतीत मात्र फरक पुष्कळच कमी निघाला.

याचा अर्थ गुडघ्याचे पॅड निरुपयोगी असा कोणी घेऊ नये. उलट ते गुडघ्यापेक्षाही मनगटासाठी घालावयाचे असतात, असे म्हटल्यास फारसे चुकणार नाही. गुडघे झाकलेले आहेत हा विश्वास असला तरच मूल तोल जाताना गुडघे वाकवून त्यांवर पडण्यास धजते. तो विश्वास नसेल तर ते गुडघे वाचविण्यासाठी हात पुढे करते आणि सारा भार मनगटावर घेते. म्हणून ही साधने सुटी सुटी नसून त्यांचा एक संच आहे, आणि त्यातील एखादे गाळले तर उरलेल्यांचेही काम बिघडते. गुडघ्यांची एक जोडी, कोपरांची एक, मनगटांची एक आणि हेल्मेट, एवढा संच पुरा समजावा.

मनगटाच्या गार्डात तळहाताच्या बाजूस किंचित बाक दिलेली कठीण पट्टी असते. तिची कामे दोन. मनगट मागे मुडपू न देणे हे एक, आणि जमिनीवर तळहात घसरू देणे हे दुसरे. काही गार्डांत मनगटाच्या वरच्या अंगासही दुसरी पट्टी असते. डावे गार्ड उजव्या हातात चढविले की बाक उलट बसतो. मुले ही चूक वरचेवर करतात, तेव्हा आणल्याबरोबर रंगाने डावे-उजवे खूण करून ठेवावे. नुसत्या कापडी किंवा चामडी हातमोज्याने कातडी वाचते, हाड वाचत नाही. तो सायकलस्वारास पुरेल, स्केटिंग करणाऱ्यास नाही.

खरेदीच्या वेळी शिक्षकास तीन प्रकारच्या भलत्याच वस्तू दाखविल्या जाण्याचा संभव असतो. औषधांच्या दुकानात मिळणारी लवचीक नी-कॅप ही दुखऱ्या गुडघ्यास आधार देण्यासाठी असते, तिच्यात आघात सोसणारे काहीच नसते. फरशी बसविणारे कारागीर वापरतात ते पॅड जमिनीवर गुडघे टेकून बसण्यासाठी असतात, पडण्यासाठी नव्हेत. तिसरा प्रकार व्हॉलीबॉलच्या मऊ पॅडचा. तो आपल्या जागी उत्तम आहे. लाकडी जमिनीवर अगर मॅटवर तो पुरतो, आणि खेळाडू एकमेकांवर आदळतात अशा खेळांत तर मऊच पॅड हवा, कारण कठीण वाटी आपल्या गुडघ्यास वाचवून दुसऱ्याचे दात पाडील. कबड्डीत ती चालणार नाही हे सांगावयास नको. मल्लखांबात अंगावर असले काही बांधण्यास जागाच नाही. पण सिमेंटवर आणि डांबरावर मऊ कापडी पॅड अडतो, फाटतो आणि विटेच्या प्रयोगातील चपलेसारखा वागतो.

युरोपात रोलर स्केटिंगच्या मनगट, तळहात, कोपर व गुडघा यांच्या संरक्षकांसाठी ‘ईएन १४१२०’ या क्रमांकाचे प्रमाण ठरलेले आहे. परदेशी बनावटीच्या काही संचांवर तो क्रमांक छापलेला आढळतो. त्यात वापरणाऱ्याच्या वजनावरून ए, बी व सी असे तीन वर्ग केले आहेत : २५ किलोपर्यंत, २५ ते ५० किलो, आणि त्याहून अधिक. दुसरी-तिसरीतील मूल आणि सातवीतील मूल यांना एकच पॅड योग्य नव्हे, एवढे तरी त्यावरून शिकता येईल. खोक्यावर ‘वय ६ ते १२’ असे लिहिलेले असते, त्यावर विसंबू नये. ग्रामीण भागातील बारा वर्षांचे मूल कित्येकदा छापील आकड्यापेक्षा सडपातळ असते. तसेच एका कारखान्याचा मध्यम आकार दुसऱ्याच्या लहान आकाराएवढा निघतो.

यास्तव मापे घेऊनच दुकानात जावे. शिंप्याची फीत घेऊन गुडघा किंचित वाकविलेल्या स्थितीत वाटीवरून घेर मोजावा, तसाच कोपराचा आणि तळहाताचा. हेल्मेटसाठी भुवयांच्या बोटभर वरून डोक्याचा घेर घ्यावा. ही मापे वर्गातील मुलांनीच एकमेकांची घेऊन तक्ता केला तर गणिताचा एक तासही सार्थकी लागतो. तक्त्यावरून असे दिसेल की वर्गातील बहुतेक मुले दोन आकारांत बसतात. त्या दोन आकारांचेच संच घ्यावेत. आपल्याकडे मुलांचे कपडे वाढत्या अंगाचे घेण्याची रीत आहे आणि कपड्यांपुरती ती शहाणपणाची आहे. पॅड मात्र वाढत्या अंगाचे घेतले तर पडण्याच्या क्षणी ते पोटरीवर सरकतात आणि उघडा गुडघा जमिनीवर येतो. मुलास आपण सुरक्षित आहोत असे वाटत असते, त्यामुळे ते बेधडकही झालेले असते. सैल पॅड हा उघड्या गुडघ्यापेक्षा अधिक धोक्याचा आहे.

बसले की नाही याची परीक्षा दुकानातच होऊ शकते. शक्य असल्यास एक लहान व एक मोठे मूल बरोबर न्यावे. पॅड बांधून दहा उठाबशा काढावयास लावाव्यात. नंतर वाटी दोन्ही हातांनी धरून वर, खाली व बाजूस ओढावी. ती गुडघ्याच्या वाटीवरून ढळली तर आकार चुकला. पट्टे आवळल्यावर गुडघ्यामागे वळ उठत असतील अगर पावलांस मुंग्या येत असतील तर तोही चुकलाच. गुडघ्यास वरून आणि खालून असे दोन रुंद पट्टे असावेत. एकाच पट्ट्याचे पॅड फिरतात. वाटी कापडास नुसती चिकटविलेली नसावी, आणि रिबिटांनी बसविलेली असेल तर त्यांची डोकी वर आलेली नसावीत, कारण घसरताना तीच अडतात. पायमोज्यासारखा चढविण्याचा प्रकार अधिक घट्ट बसतो हे खरे, पण तो बूट काढल्यावाचून घालता येत नाही. तासात तीन-चार वेळा मुले बदलणाऱ्या शाळेस मागून उघडणारा, वेलक्रोच्या पट्ट्यांचा प्रकारच सोयीचा.

हेल्मेटच्या आतील भाग बहुधा थर्माकोलच्या जातीच्या पदार्थाचा असतो. तो स्वतः चिरडून आघात जिरवितो आणि एकदा चिरडला की पुन्हा पूर्ववत होत नाही. वरून हेल्मेट अखंड दिसले तरी जोराच्या आघातानंतर ते निकामीच समजावे. चाकांवरून मूल पुष्कळदा मागे पडते, म्हणून डोक्याचा मागील भाग पुरता झाकणारे हेल्मेट पाहावे. सायकल व स्केटिंग या दोहोंसाठीच्या युरोपीय प्रमाणाचा क्रमांक ‘ईएन १०७८’ असा आहे. मोटारसायकलचे हेल्मेट घरात आहे म्हणून मुलाच्या डोक्यावर चढवू नये. ते त्याच्या मानेस जड, डोक्यास सैल आणि कानांस बंद. हेल्मेट भुवयांच्या वर दोन बोटांवर आडवे बसले पाहिजे. मागे कललेले हेल्मेट छायाचित्रास शोभते, कपाळ मात्र उघडे ठेवते. हनुवटीखालच्या पट्ट्यात एक बोट जेमतेम शिरावे.

आता पैशांचा प्रश्न. शाळेच्या क्रीडासाहित्याच्या रकमेतून तीस मुलांस तीस संच मिळणे शक्य नाही. अशा वेळी एक तडजोड हटकून सुचविली जाते : सर्वांना निदान गुडघ्याचे पॅड तरी घेऊ. ही तडजोड मान्य करू नये. तीस जोड्यांऐवजी सहा पुरे संच घ्यावेत आणि जितके संच तितकीच मुले एका वेळी चाकांवर, असा नियम करावा. सातवे मूल रांगेत उभे राहून हट्ट करील, कधी गावातील एखाद्या वजनदार गृहस्थाचे ते मूल असेल, आणि नाही म्हणणे शिक्षकास जड जाईल. तरीही नाहीच म्हणावे. मुलींच्या बाबतीत याचे महत्त्व दुप्पट आहे. मुलाचा हात मोडला तर महिन्या-दोन महिन्यांनी तो पुन्हा मैदानावर येतो, मुलीचा मोडला तर अनेक घरांत तिचा खेळच बंद होतो, आणि तिच्याबरोबर तिच्या धाकट्या बहिणीचाही.

संच हाती आल्यावर पहिले एक-दोन तास चाकांवाचून घ्यावेत. पॅड बांधून गवतावर अगर सतरंजीवर पडण्याचा सराव करवावा : आधी गुडघे वाकवून बुड खाली आणावयाचे, मग गुडघे टेकावयाचे, मग कोपर, आणि शेवटी बोटे वर उचलून तळहात. मुलांस हा खेळ फार आवडतो आणि ती आवश्यकतेपेक्षा अधिकच पडतात. त्यास हरकत घेऊ नये. त्यानंतर सिमेंटवर, पण अजून चाकांवाचूनच. मैदान रोज झाडून घ्यावे. मुरुमाचा एक खडा चाकाखाली आला की वर सांगितलेला सारा प्रकार घडतो. शहाबादी फरशीच्या रुंद सांध्यांतही लहान चाक अडते, म्हणून एकसंध सिमेंटचा ओटा अधिक बरा.

एवढे करूनही एखादे मूल हातावर पडलेच आणि मनगट दुखते म्हणाले, तर ते हलवून पाहू नये, ओढू नये, चोळू नये. लाकडी पट्टी किंवा घडी केलेले वर्तमानपत्र खालून आधारास देऊन हात झोळीत बांधावा आणि क्ष-किरण चित्राची सोय असेल अशा रुग्णालयात पाठवावे. वाढत्या वयात हाडांच्या टोकांशी कूर्चेचा एक थर असतो आणि हाडाची लांबी तेथेच वाढते. मनगटाजवळचा हा थर दुखावला आणि नीट बसविला गेला नाही तर हात आखूड अगर वाकडा राहण्याचा संभव असतो. हाडवैद्याकडे नेऊन चोळून घेण्याचा आग्रह घरचे धरतील. त्यांस ही गोष्ट शांतपणे समजावून सांगणे शिक्षकासच शक्य असते. अंगठ्याच्या बुडाशी दाबून दुखत असेल तर पहिल्या चित्रात काही न दिसले तरी दहा-पंधरा दिवसांनी पुन्हा दाखवावे. तेथील एका लहान हाडाचा तडा प्रारंभी चित्रात येतोच असे नाही.

साधनांची निगा राखणे कष्टाचे नाही, पण ती रोजची आहे. घामाने भिजलेले पॅड पेटीत कोंबले की त्यांस दुर्गंधी येते आणि गजकर्णासारखे कातडीचे विकार एका मुलाकडून दुसऱ्याकडे जातात. तास संपताच ते दोरीवर सावलीत टांगावेत आणि आठवड्यातून एकदा थंड पाण्यात साबणाने धुवावेत. कडक उन्हात किंवा पत्र्याच्या खोलीत ठेवल्यास फोम लवकर निर्जीव होतो. वेलक्रोत कुसळे व धागे अडकून तो धरेनासा होतो, ती जुन्या दातघासणीने काढावीत. हेल्मेटखाली प्रत्येकाने आपला पातळ सुती रुमाल बांधावा, म्हणजे उवांची तक्रार राहणार नाही. प्रत्येक संचास क्रमांक देऊन साठा नोंदवहीत त्याची नोंद ठेवावी. हेल्मेटवर जोराचा आघात झाला तर तो दिवस त्या क्रमांकासमोर लिहावा आणि ते हेल्मेट साठ्यातून कमी करावे. निकामी झालेले हेल्मेट कोपऱ्यात टाकून दिले तर चार दिवसांनी ते कोणा मुलाच्या डोक्यावर दिसेल. त्याचे पट्टे कात्रीने कापूनच ते टाकावे.